डावा हात कुठं चाललाय?

“करगोटा पण काढा,” सय्यदभाई म्हणाले.

“दोऱ्याचा आहे.”

“दोरा दोऱ्याचा आहे. त्यात ओवलेली ही पेटी कशाची?”

“ती चाळीस वर्षांत निघालेली नाही.”

“काका, या मशीनपुढं सगळं निघतं. आत मोठं लोहचुंबक आहे. मागं एक प्राध्यापक खिशात किल्ल्या घेऊन आले होते. किल्ल्या आत गेल्या, प्राध्यापक बाहेर राहिले.”

मी करगोटा काढला. घड्याळ, तांब्याची अंगठी आणि वरची कवळी आधीच एका प्लास्टिकच्या टोपलीत गेली होती. टोपलीकडे बघितलं तर मीच तिच्यात पडलोय आणि इकडे हिरवा पायजमा धरून उभा आहे तो कोणी दुसराच, असं वाटलं. पायजमा माझ्या दुप्पट माणसासाठी शिवलेला होता. करगोटा गेल्यावर तो अडकायलाही काही उरलं नाही.

याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी सदुसष्ट वर्षांचा होतो. मी निवृत्ती फुलारी. वाईला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं हार-गजऱ्यांचं दुकान. शेजारी कासारांचं बांगड्यांचं दुकान. त्या कासारांची शलाका लहानपणी माझ्या टोपलीतल्या शेवंतीच्या पाकळ्या खात वाढली. पुढं ती इतकी शिकली, की पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत माणसांना मशीनमध्ये घालून त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते बघायला लागली. एका हातानं अवघड काम करताना मेंदूत काय होतं आणि दोन्ही हातांनी करताना काय होतं, असा तिचा अभ्यास होता. जन्मभर हातांनी बारीक काम केलेली, साठीच्या पुढची, धडधाकट माणसं तिला पाहिजे होती. अकरा झाली होती. बारावा मिळत नव्हता.

तिनं मला फोन केला. “तात्या, तुमचे हात मला एक दिवस द्या.”

“येतो,” मी म्हणालो.

मी साताऱ्याच्या पुढं लग्नालासुद्धा जात नाही, हे तिला माहीत होतं. तिनं समजुतीसाठी दहा वाक्यं तयार ठेवली असणार, ती सगळी वाया गेली.

मी लगेच ‘येतो’ म्हणालो त्याचं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. अंजिरा, माझी बायको, श्रावणात गेली. तेरावा झाला, मी दुकान उघडलं, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवला, फुलं पुढ्यात घेतली आणि गजरा बांधायला लागलो. गजरा होईना. उजवा हात दोऱ्याचा फास टाकायला तयार, पण डाव्यानं कळ्या धरायच्या, त्या तो धरेना. मधेच काम सोडून जायचा. नुसता डावा हलवला तर हलायचा. चहाचा कप उचलायचा, कुलूप लावायचा. दोन्ही हात एकदम कामाला लावले की डावा गेलाच.

त्याच्या चार वर्षं आधी अंजिराचा उजवा हात गेला होता, आणि पायही. झटका आला होता. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हाताला काही झालेलं नाही, डोक्यातला त्याचा दिवा विझलाय. माझाही आता विझत चालला, असं मी धरून चाललो होतो. डॉक्टरकडे गेलो असतो तर नाशिकला मोहनला कळलं असतं. मोहन म्हणजे आमचा मुलगा. त्यानं दुसऱ्या दिवशी गाडी आणली असती, दुकानाला कुलूप लावलं असतं आणि मला तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसवलं असतं. म्हणून मी बाजारातून तयार गजरे आणून विकत होतो. शाळेतून रिटायर झालेल्या शेंडेबाई रोज देवीला गजरा न्यायच्या. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “निवृत्तीराव, कळ्या सरळ कशा?” मी म्हणालो, “बाहेरून आणलाय.” त्यानंतर त्यांनी विचारलं नाही, पण रोज गजरा डोळ्यांजवळ नेऊन बघायच्या आणि मग पिशवीत टाकायच्या. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

तेव्हा शलाकाच्या मशीनमध्ये गुपचूप डोकं घालून दिवा आहे की विझला ते बघावं, असा माझा बेत होता. तिच्या फॉर्मवर लिहिलं होतं, ‘हातांना काही त्रास आहे का?’ मी ‘नाही’वर खूण केली. ‘ही वैद्यकीय तपासणी नाही,’ असंही लिहिलं होतं. त्याच्याखाली मी सही केली, पण ते मनावर घेतलं नाही.

मशीनमध्ये जायच्या आधी सराव होता. शलाकानं मला टेबलापाशी बसवलं. माझ्या डाव्या हाताला सय्यदभाई खुर्ची घेऊन काहीतरी कागद भरत बसले होते. मशीन तेच चालवायचे. मोठ्या अंगाचा, पांढऱ्या दाढीचा, सावकाश बोलणारा माणूस.

“अंगठा बोटांना टेकवायचा. आधी पहिलं,” शलाका म्हणाली, “मग तिसरं, मग दुसरं, मग करंगळी. परत पहिल्यापासून. आधी उजवा.”

मी केलं.

“तात्या, हळू. मला मोजता येत नाही.”

“हात असेच चालतात.”

“बरं. आता डावा.”

डावाही चालला. जरा घुटमळला, पण चालला. माझ्या छातीतलं ओझं अर्धं उतरलं.

“आता दोन्ही.”

दोन फेऱ्या बरोबर झाल्या. तिसऱ्या फेरीला डावा हात थांबला आणि टेबलावरून बाजूला सरकायला लागला.

“तात्या, डावा हात कुठं चाललाय?”

“टेबल गुळगुळीत आहे.”

“परत करा.”

परत केलं. या वेळी डावा टेबलावरून खाली उतरला, बाजूच्या खुर्चीकडे वळला आणि सय्यदभाईंच्या पाठीमागून जाऊन त्यांच्या खांद्याखाली टेकला.

सय्यदभाईंनी पेन थांबवलं. मान न वळवता म्हणाले, “काका, आपली ओळख अजून नवीन आहे.”

मी हात काढून घेतला. “चुकून गेला,” म्हणालो. शलाका माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ मात्र थांबत नव्हतं. मशीन तिला एकच तास मिळालं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या कोणाची पाळी होती.

“आत गेल्यावर होईल नीट,” ती म्हणाली. हे तिनं मला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे.

मशीन म्हणजे भलंमोठं पांढरं जातं, मधल्या भोकात माणूस. मला पाटावर आडवं केलं, कानांवर गाद्या लावल्या, डोळ्यांपुढं आरसा दिला. आरशात पडद्यावरचे शब्द दिसायचे. ‘उजवा’ आलं की उजवा, ‘डावा’ आलं की डावा, ‘दोन्ही’ आलं की दोन्ही, ‘थांबा’ आलं की गप्प. डाव्या बाजूला एक रबरी फुगा ठेवला. जीव घाबरला तर तो दाबायचा.

“घाबरणार नाही,” मी म्हणालो. कवळी नसल्यामुळं ते ‘गाबनान नाई’ असं काहीतरी निघालं. सय्यदभाईंनी माझा खांदा थोपटला. त्यांना ते भीतीचंच वाटलं असणार.

मशीन सुरू झालं. आवाज असा, की घागरीत डोकं आहे आणि बाहेरून तांबट ठोके मारतोय. ‘उजवा.’ केलं. ‘थांबा.’ थांबलो. ‘डावा.’ केलं. ‘दोन्ही.’

कानात शलाकाचा आवाज आला. “तात्या, पाय हलवू नका. चित्र सगळं पुसट येतंय.”

“पाय कुठं हलवला?”

सय्यदभाईंचा आवाज आला. “काका, उजवा पाय गुडघ्यापर्यंत वर आलाय. अंगठा छताकडे बघतोय.”

खरंच आला होता. गजरा बांधणाऱ्याचा दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवलेला असतो. दोन्ही हात कामाला लागले की पाय आपोआप पुढं होतो आणि अंगठा ताठ उभा राहतो. सात वर्षांचा होतो तेव्हापासूनची सवय. मला ती आहे हेच माहीत नव्हतं.

सय्यदभाई आत आले आणि माझे पाय पट्ट्यानं पाटाला बांधून गेले. ‘दोन्ही.’ आता पाय हलला नाही. हातही हलले नाहीत.

“तात्या, करा ना!”

“होत नाही, शलू. अंगठ्याला दोरा नाही तर हात कशावर चालवू?”

बाहेर दोघांचं बोलणं सुरू झालं. बोलायची कळ दाबलेलीच राहिली असावी, कारण मला सगळं ऐकू येत होतं.

“मॅडम, दोरा देऊ या की,” सय्यदभाई म्हणत होते. “सुताला लोहचुंबक काय करणार?”

“सय्यदभाई, अकरा जणांना दोरा दिलेला नाही. बाराव्याला कसा देऊ?”

“अकरा जणांचा पाय वर आला नव्हता.”

“अभ्यासात असं चालत नाही.”

“मग काकांना घरी पाठवू का? चाळीस मिनिटं उरलीत.”

शेवटी जखमेला बांधायच्या सुती पट्टीची एक लांब चिंधी फाडून सय्यदभाईंनी माझ्या अंगठ्याला फास घातला आणि दुसरं टोक माझ्या पोटावर, हातांच्या मधे आणून ठेवलं. “खेचू नका. नुसतं आहे एवढं समजा,” म्हणाले.

तो दोरा नुसता असण्यानं मला काय झालं ते सांगता येत नाही. खांदे खाली आले. ‘दोन्ही’ अशी अक्षरं आली आणि बोटं चालायला लागली. अंगठा गप्प, पाय गप्प. कानात शलाका म्हणाली, “वा तात्या! अस्संच!”

आणि डावा हात निघाला. पोटावरून उतरला, बाजूला गेला, मशीनची भिंत लागली म्हणून मागं वळला. तिथं त्याला तो रबरी फुगा सापडला. त्यानं तो घट्ट धरला.

बाहेर गाईगुरं पळतील असा भोंगा वाजला. ठोके बंद झाले, दिवे लागले, पाट सरकन बाहेर आला आणि सय्यदभाईंचं दाढीवालं तोंड माझ्या तोंडावर वाकलं.

“काय झालं? छातीत दुखतंय? श्वास?”

“काई नाई,” मी म्हणालो. “हात गेला.”

“कुठं गेला?” शलाका दारातून ओरडली.

“नेहमीच्या ठिकाणी,” सय्यदभाई म्हणाले.

फुगा छातीवर बांधला. हात पुन्हा गेला. आता त्याला काही सापडलं नाही, तेव्हा तो भिंत आणि माझ्या अंगाच्या मधल्या फटीत जाऊन बसून राहिला. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी शलाकाचा आवाज आला, बारीक झालेला. “राहू दे तात्या. दोन्ही नको. शेवटची पाच मिनिटं राहिलीत, नुसता उजवा चालवा. डावा एकदम स्थिर ठेवा.”

तिचा बारावा माणूस हातचा गेला होता हे मला त्या आवाजावरून कळलं. आणि माझा दिवाही विझला होता, हेही कळलं. मग डोळे मिटले आणि पाच मिनिटं उजव्या हातानं, चिंधीचा दोरा पायाला तसाच ठेवून, मुकाट्यानं बोटं चालवली. डावा अंगाशी पडून होता. ती पाच मिनिटं मला बरी गेली. का ते तेव्हा विचारायला कोणी नव्हतं.

बाहेर आलो, कवळी बसवली, करगोटा बांधला, चहा आला. शलाका संगणकापुढं बसली होती. एकदम खुर्ची फिरवून ती माझ्यावर उखडली.

“तात्या! मी स्पष्ट सांगितलं होतं ना, डावा हलवायचा नाही?”

“नाही हलवला.”

“खोटं बोलू नका. इथं दिसतंय सगळं.”

“नाही मॅडम,” सय्यदभाई कपात बिस्कीट बुडवत म्हणाले. “मी कॅमेऱ्यात बघत होतो. डावा मेल्यासारखा पडला होता. सगळ्या तासात तेवढी पाच मिनिटंच काका शहाण्यासारखे वागले.”

शलाकानं पडद्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, मग परत पडद्याकडे. मला जवळ बोलावलं. पडद्यावर फ्लॉवरचा गड्डा मधोमध कापावा तशी दोन चित्रं होती.

“हे कच्चंच आहे, पण बघा. उजव्या हाताचं काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं, डाव्या हाताचं उजव्या बाजूला. हे पहिलं चित्र सुरुवातीचं, नुसता उजवा हात. एकच बाजू पेटलीय. बरोबर आहे. हे दुसरं शेवटच्या पाच मिनिटांचं. तेही नुसता उजवा हात. पण इथं बघा, दुसरी बाजूही पेटलीय. डाव्या हाताची जागा. पहिल्यात यातलं काहीच नाही.”

मी तो लाल ठिपका बघितला. बोट लावून बघितला.

“म्हणजे हा विझलेला नाही?”

“काय विझलेलं नाही?”

“डाव्या हाताचा दिवा.”

“विझला असं कोण म्हणालं तुम्हाला?”

मग मी सांगितलं. गजरा होत नाही ते, बाजारातून आणतो ते, फॉर्मवर खोटं लिहिलं ते. शलाका ओरडेल असं वाटलं होतं. ती खुर्चीवर मागं टेकली.

“तात्या, मी त्या अर्थानं डॉक्टर नाही. वाईला जाऊन खऱ्या डॉक्टरला दाखवायचं, नाहीतर मी मोहनदादाला फोन करीन. पण मला एक सांगा. माणसानं हात न हलवता नुसता मनात हलवला तरी त्याची जागा थोडी पेटते. शेवटी डोळे मिटून तुम्ही मनात काय करत होता?”

“गजरा बांधत होतो.”

“दोन्ही हातांनी?”

“नाही. उजवा माझा.”

“आणि डावा?”

“डावा हिचा.”

सय्यदभाईंचं बिस्कीट कपात पडलं.

सांगावंच लागलं. झटका आल्यावर अंजिरा दोन महिने भिंतीकडे तोंड करून होती. एक दिवस म्हणाली, “मला दुकानात न्या. बसून खाणार नाही मी.” मी म्हणालो, तुला बसता तरी येतं का? “तुम्ही कशाला आहात?” म्हणाली. खरंच तिला टेकू दिल्याशिवाय बसता यायचं नाही, उजवीकडे कलंडायची. मी तिला माझ्या डाव्या बाजूला घ्यायचो आणि डावा हात तिच्या पाठीमागून घालून तिला धरून बसायचो. मग उरले दोन हात. माझा उजवा आणि तिचा डावा. दोरा माझ्या अंगठ्याला. ती डाव्यानं कळ्या लावायची, मी उजव्यानं फास टाकायचा. पहिल्या गजऱ्याला अख्खी सकाळ लागली. तिचा हात पलीकडून यायचा म्हणून कळ्या उलट्या बसायच्या, तोंडं खाली. शेंडेबाई म्हणाल्या, हे काय? अंजिरा म्हणाली, “देवी वर बसलीय ना? कळ्या तिच्या पायांकडे बघतायत.” आठ दिवसांनी शेंडेबाईंना दुसरा गजरा चालेनासा झाला. आम्ही दिवसभर भांडायचो. “अहो, फास सैल टाकता.” “तू कळी उशिरा देतेस.” “तुमच्या हाताला घाई फार.” चार वर्षं असंच चाललं.

“म्हणजे,” शलाका हळू म्हणाली, “डावा हात सारखा बाजूला जातोय तो...”

“त्याचं काम करायला जातो,” मी म्हणालो. हे माझ्या तोंडून निघालं तेव्हाच मलाही कळलं.

सय्यदभाई उठले. जाता जाता माझ्या डाव्या बाजूला थांबले आणि म्हणाले, “काका, मघाशी मी बोलून तुम्हाला हात काढायला लावायला नको होतं.”

शलाकानं चष्मा पुसला. मग म्हणाली, “तात्या, तुम्ही माझ्या अभ्यासातला सगळ्यात वाईट माणूस आहात. फॉर्म खोटा, पाय हलवलेला, दोरा बांधलेला. यातलं एकही चित्र मला वापरता येणार नाही. एका माणसावरून तर काहीच सिद्ध होत नाही.” आणि त्या दुसऱ्या चित्राचा कागद काढून माझ्या पिशवीत घातला.

“तुझा बारावा?”

“पुन्हा मशीनची पाळी मिळाली की बघते. सय्यदभाईंचे सासरे जरीकाम करतात.”

“त्यांचा पाय हलत नाही,” सय्यदभाई आतून म्हणाले. “जीभ हलते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. बाजारात गेलो नाही. मोगऱ्याची टोपली पुढ्यात घेतली, दोरा अंगठ्याला लावला. कळ्या सरळ धरल्या, नेहमीसारख्या, माझ्या बापानं शिकवल्या तशा. डावा हात उठला आणि निघाला. मी त्याला बोलावून आणलं. परत निघाला.

मग मी कळी उलटी धरली. तोंड खाली. पलीकडून, हात वळवून, जशी ती लावायची तशी. हात अवघडला, पण थांबला. उजव्यानं फास टाकला. सैल पडला. दुसरी कळी. तीही उलटी. डावा उशीर करत होता, उजव्याला घाई होती. मी मनातल्या मनात दोघांचंही ऐकून घेत होतो. एका गजऱ्याला अकरा वाजले.

शेंडेबाई आल्या. मी गजरा पानावर ठेवून पुढं केला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, फिरवला.

“फास सैल आहे.”

“आहे.”

“कळ्या उलट्या आहेत.”

“हो.”

त्यांनी गजरा पिशवीत टाकला नाही. पानासकट दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला. “आज तुमच्याकडचा आहे,” म्हणाल्या आणि देवळाकडे गेल्या.

मी दोरा सोडवला. डावा हात पुन्हा बाजूला निघाला. काम झालं होतं, म्हणून मी त्याला जाऊ दिलं.